सुई लावली की गाठ खवळते, हे खरं आहे का?

प्रश्न: आईच्या (वय 46) छातीत गाठ आहे. डॉक्टरांनी बायोप्सी सांगितली आहे. घरचे म्हणतात, सुई लावली की गाठ खवळते आणि पसरते. ऑपरेशनच्या वेळी पेशी पसरतात असं मुंबईच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या संशोधनातही निघालंय म्हणे. आणि ऑपरेशन पाळीच्या कोणत्या दिवसांत करावं?

उत्तर:

बायोप्सी करा. याच आठवड्यात करा. खालचं सगळं नंतर वाचलंत तरी चालेल.

मी मिरजेत पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे, 19 वर्षं झाली. आलेला तुकडा मेणात बसवून ब्लॉक करायचा, त्याचे पातळ काप काढून स्लाइड रंगवायच्या, हे माझं रोजचं काम. पण "गाठ खवळते" हे मी लॅबमध्ये ऐकलं नाही, ताईच्या घरी ऐकलं.

ताई जत तालुक्यात असते. 2016 च्या दिवाळीत अंघोळ करताना तिच्या हाताला छातीतली गाठ लागली, बोराएवढी. मी म्हटलं, उद्याच मिरजेला ये. दाजी नको म्हणाले. "आमच्या अण्णांना सुई लावली आणि चार महिन्यांत गेले." अण्णांना फुप्फुसाचा कॅन्सर होता आणि दवाखान्यात नेलं तेव्हा खोकल्यातून रक्त पडत होतं. त्यांना सुई लागायला उशीर झाला होता, एवढंच. मी हे त्या दिवशी बोलले नाही. थोरल्या माणसापुढं किती तोंड चालवायचं, असं वाटलं. ते गप्प बसणं मला आजही डाचतं.

सात महिने लेप आणि काढे चालले. ताई आली तेव्हा गाठ लिंबाएवढी झाली होती आणि काखेतही गाठी लागत होत्या. कोअर बायोप्सी झाली, म्हणजे जाड सुईनं गाठीचे तुकडे काढले. दोऱ्यासारखे बारीक चार तुकडे, ते मीच फॉर्मलिनमध्ये (तुकडा खराब होऊ नये म्हणूनचं द्रावण) सोडले, ब्लॉकही मीच केला. आमच्या पॅथॉलॉजिस्ट सरांनी स्लाइड बघितली आणि मला बोलावलं. कॅन्सरच्या पेशींचे वेडेवाकडे पुंजके आणि त्यांच्या कडेनं निळ्याजांभळ्या ठिपक्यांची दाटी, मोहरी सांडावी तशी. लिम्फोसाइट. रोगाशी झगडणाऱ्या पेशी. म्हणजे त्या सात महिन्यांत घरात कुणी काही केलं नाही, तरी ताईचं अंग आपल्या परीनं लढत होतं.

ऑपरेशन दाजींच्या ओळखीच्या एका छोट्या रुग्णालयात झालं. काढलेला भाग तासाच्या आत फॉर्मलिनमध्ये पडायला हवा, फॉर्मलिन तुकड्याच्या दसपट हवं आणि तो त्यात 6 ते 72 तास राहायला हवा. तिथं तो सलाइनच्या बरणीत रात्रभर राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी दाजींचा पुतण्या बरणी घेऊन आला. झाकण उघडल्याबरोबर वासानंच मला कळलं. त्या तुकड्यावर ईआर-पीआर केलं, म्हणजे पेशींवर हार्मोन पकडणारे रिसेप्टर आहेत का ते तपासलं. निगेटिव्ह आलं. याचा अर्थ, ही गाठ इस्ट्रोजेनवर पोसलेली नाही, हार्मोनच्या गोळ्यांचा उपयोग नाही.

मला ते पटेना. तुकडा नीट मुरला नाही तर रिसेप्टर टिकत नाहीत आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. कोअरचा ब्लॉक आमच्या कपाटात होता. सरांच्या मागं लागून त्यावर तीच तपासणी करून घेतली. जवळजवळ सगळी केंद्रकं तपकिरी झाली, म्हणजे रिसेप्टर होते. ईआर पॉझिटिव्ह. केमो आणि शेक (रेडिएशन) झाल्यावर ताईला टॅमॉक्सिफेन ही हार्मोनची गोळी सुरू झाली. ज्या सुईला घर सात महिने घाबरलं, तिच्यातून निघालेल्या दोऱ्याएवढ्या तुकड्यानं तिला ती गोळी मिळाली.

आता टाटाचं. 2022 साली ती बातमी आली तेव्हा दाजींनी घरच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, "मी म्हणत होतो ना." तुम्ही वाचलंत तेही तेच असावं. त्या अभ्यासात देशातल्या 11 केंद्रांतल्या जवळपास 1,600 बायका होत्या. निम्म्यांना ऑपरेशनच्या 7 ते 10 मिनिटं आधी गाठीच्या चहूबाजूंनी लिडोकेन टोचलं. हेच औषध जागा बधिर करायला वापरतात आणि खर्च अगदी किरकोळ. पाच वर्षांनी इंजेक्शनवाल्या गटात 90.1 टक्के बायका जिवंत होत्या, दुसऱ्या गटात 86.4 टक्के. दाजी, दोन्ही गटांचं ऑपरेशन झालं होतं. ऑपरेशन न करता घरी बसलेल्यांचा गट तिथं नव्हताच. ऑपरेशन टाळा असं त्यातून निघत नाही, ते आणखी चांगलं कसं करता येईल हे निघतं.

ऑपरेशनच्या धक्क्यानं कॉर्टिसोल, अॅड्रेनालिन ही ताणाची हार्मोन्स वाढतात, कॅन्सरच्या पेशी मारणाऱ्या नॅचरल किलर पेशी काही दिवस मंदावतात, आणि गाठ हाताळताना काही पेशी सुटूही शकतात, हे खरं आहे. संशोधक याच थोड्या दिवसांवर काम करताहेत. पण गाठ आत ठेवली तर पेशी सुटायला अख्खं वर्ष मोकळं मिळतं.

पाळीचं म्हणाल तर तो विचारही याच माणसांचा. लिडोकेनच्या अभ्यासाचे प्रमुख डॉ. राजेंद्र बडवे लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये असताना 1991 मध्ये त्यांनी 249 बायकांच्या नोंदी मांडल्या. पाळीच्या 3 ते 12 या दिवसांत ऑपरेशन झालेल्यांत दहा वर्षांनी 54 टक्के जिवंत, इतर दिवसांत झालेल्यांत 84 टक्के. पुढच्या सगळ्या अभ्यासांत तसं दिसलं नाही. मग टाटामध्ये ऑपरेशनच्या 5 ते 14 दिवस आधी प्रोजेस्टेरॉनचं एकच इंजेक्शन देऊन 1,000 बायकांवर चाचणी झाली, निकाल 2011 चा. सगळ्या मिळून ठळक फरक नाही, पण काखेत रोग पोचलेल्यांत पाच वर्षं रोग न उलटलेल्या बायका 54.7 वरून 65.3 टक्के झाल्या. म्हणून सर्जनना विचारा जरूर, पण पाळी मोजत तारीख पुढं ढकलू नका. माझ्या मते तरी.

ताई आज बरी आहे. पण काखेतल्या गाठी काढाव्या लागल्या, त्यामुळं डावा हात सुजतो. त्या हातात बांगडी चढत नाही, लग्नकार्यात ती पदराखाली हात झाकून बसते. गाठ बोराएवढी असताना आली असती तर काखेतल्या एकदोन गाठी तपासून कदाचित भागलं असतं. दाजींना मी हे अजून समोरासमोर बोललेले नाही, म्हणून इथं लिहिते आहे.

आणि हो, मी डॉक्टर नाही. लिडोकेनचा तो अभ्यास थेट ऑपरेशनला घेतलेल्या बायकांचा होता. आईला आधी केमो द्यायचं ठरलं तर ते आकडे तसेच लावू नका. त्या औषधाची अॅलर्जी असेल तर तेही सांगा.

ऑपरेशनआधी ओटीच्या सिस्टरना विचारा, फॉर्मलिनची मोठी बरणी भरून ठेवली आहे का. आणि कोअर बायोप्सीचा रिपोर्ट फाइलच्या सगळ्यात वर लावा, त्यावर ब्लॉकचा नंबर असतो. तो ब्लॉक लॅबकडे मागता येतो.