जुना पीएफ मोडू नका, नव्या खात्यात वळवून घ्या
तुमची परिस्थिती थोडक्यात अशी: वय ३२, आताची नोकरी तिसरी, आधीच्या दोन ठिकाणी अडीच आणि चार वर्षं काढलीत. त्या दोन्ही खात्यांत मिळून तीन लाख पडून आहेत आणि ते काढून कार घ्यावी असं मनात आहे. माझं स्पष्ट मत, काढू नका. पण नुसते पडूही देऊ नका, ट्रान्सफरचा अर्ज लगेच टाका.

एक तर नव्या नोकरीत पीएफ कापला जात असताना 'बेरोजगार' दाखवून जुनं खातं पूर्ण रिकामं करणं नियमात बसत नाही. एजंट सर्रास सुचवतात, त्या वाटेला जाऊ नका. दुसरं म्हणजे कर. सलग पाच वर्षं सेवा व्हायच्या आत काढलेला पीएफ करपात्र ठरतो आणि रक्कम ५० हजार किंवा जास्त असली की पॅन दिलेला असूनही १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) कापला जातो. तुमची एकही जुनी नोकरी पाच वर्षांची नाही. खाती जोडलीत तर मागची साडेसहा वर्षं धरली जातात आणि हा प्रश्नच मिटतो.

आता तीन लाखांचा हिशेब. २०२४-२५ साठी पीएफचा व्याजदर ८.२५ टक्के होता. तो तसाच राहील असं नाही, म्हणून ८ धरू. वयाच्या ५८ पर्यंत, म्हणजे २६ वर्षांत, पुढे एक रुपयाही न घालता त्याचे साधारण २२ लाख होतात. महागाईमुळे तेव्हा त्यांची किंमत आजच्याइतकी नसेल, हे खरं. तरीही कार परवडते का, हे ठरवताना हा आकडा समोर असू द्या.

पीएफसोबतच असलेला पेन्शनचा भाग मात्र बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. कंपनी मूळ पगाराच्या १२ टक्के भरते, त्यातले पगाराच्या ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात, तेही १५,००० रुपयांच्या पगारमर्यादेवर, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५०. दहा वर्षं सेवा भरली की ५८ नंतर पेन्शनचा हक्क मिळतो. पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०, असं सूत्र आहे. १५,००० वर दहा वर्षांचे महिना सुमारे २,१४३ रुपये होतात. एवढ्यात घर चालत नाही, मान्य. पण ते तहहयात मिळतात आणि तुमच्या मागे जोडीदारालाही त्यातला वाटा मिळतो. दहा वर्षांच्या आत फॉर्म १० सी भरून पेन्शनचे पैसे उचलले, की तेवढी सेवा पुसली जाते. तुमची साडेसहा वर्षं आधीच भरलीत, आता तो फॉर्म भरूच नका.

ट्रान्सफर झाल्यावर पासबुक उघडाल तेव्हा दचकू नका. तुमचा वाटा आणि कंपनीचा वाटा नव्या पासबुकात आलेला दिसेल, पण पेन्शनच्या रकान्यात शून्य असेल. पैसे बुडाले असं वाटून लोक तक्रारी करत सुटतात. पेन्शन ठरते सेवेच्या वर्षांवर आणि पगारावर, त्या रकान्यातल्या शिलकीवर नाही. म्हणून तपासायचं ते पीएफच्या पोर्टलवरच्या सर्व्हिस हिस्टरीत, म्हणजे नोकऱ्यांच्या नोंदीत: दोन्ही जुन्या कंपन्या तिथे आहेत ना, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख बरोबर आहे ना.

अर्ज अडकतो तोही बहुधा याच तारखांपाशी. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरलेलीच नसते. नोकरी सोडून दोन महिने झाल्यावर ती तुम्ही स्वतः पोर्टलवर भरू शकता. दोन नोकऱ्यांच्या तारखा एकमेकींवर चढल्या असतील किंवा आधारवरचं आणि पीएफमधलं नाव जुळत नसेल, तर ते आधी दुरुस्त करून घ्या. यूएएन (नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफ क्रमांक) दोन निघाले असतील तर जुन्यातली रक्कम चालू यूएएनवर आणा.

लग्न झालंय असं तुम्ही लिहिलंय. मग ई-नॉमिनेशन, म्हणजे पैसे कुणाला मिळावेत याची ऑनलाइन नोंद, आज रात्रीच नव्याने भरा. लग्नाआधी केलेलं नॉमिनेशन पीएफच्या नियमानुसार रद्द समजलं जातं, आणि कितीतरी जणांना हे ठाऊकच नसतं. नोकरीत असताना मृत्यू झाला तर मिळणारा सात लाखांपर्यंतचा विमाही यालाच जोडलेला आहे. घरच्यांना त्या दुःखात वारसाचे दाखले गोळा करत फिरायला लागू नये, एवढ्यासाठी तरी हे टाळू नका.

कारसाठी पगारातून दरमहा वेगळी रक्कम बाजूला टाका. ट्रान्सफरचा अर्ज नामंजूर झालाच, तर क्लेम स्टेटसमध्ये कारण लिहिलेलं असतं. ते जसंच्या तसं कळवा, पुढे काय करायचं ते सांगतो.