नकाशातला रंग आणि गावातला वसूल

प्रश्न : आमचे घर शहापूरचे. शाळेच्या नकाशात 1818 नंतर बेळगाव मुलूख सगळा ईस्ट इंडिया कंपनीचा दाखवतात, पण घरातल्या जुन्या कागदांवर सांगलीचा शिक्का आहे. खरे काय?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : दोन्ही खरे. पेशवाई बुडाली तेव्हा कंपनीला मिळाला तो पेशव्याचा हक्क. गावोगावचा वसूल मात्र पटवर्धन, घोरपडे, देसाई अशा सरंजामदारांकडे (चाकरीबद्दल गावांचा वसूल मिळालेल्या सरदारांकडे) होता आणि तो त्यांच्याचकडे राहिला. पटवर्धनांशी कंपनीने 1819 मध्ये वेगवेगळे करार केले. त्यामुळे बेळगावचा किल्ला आणि छावणी इंग्रजांची, तर लागूनच असलेले शहापूर सांगलीकरांचे, असा प्रकार थेट 1948 च्या विलीनीकरणापर्यंत चालला. आज दोन्ही एकाच महानगरपालिकेत आहेत, म्हणून हे आपल्या लक्षात येत नाही.

चिकोडीकडच्या वाचकांनी आणखी जपावे. पेशव्याविरुद्ध मदत केल्याबद्दल कंपनीने चिकोडी-मनोळी कोल्हापूरकरांना दिली आणि दहा-बारा वर्षांत काढूनही घेतली. त्या मधल्या काळातल्या कागदावर कोल्हापूरचा शिक्का दिसला, तर तो बनावट समजू नका.

प्रश्न : किल्ला पडला म्हणजे मुलूख ताब्यात आला, असे धरायचे का?
— एक विद्यार्थिनी, निपाणी

उत्तर : इथे बऱ्याचदा उलटे झाले. या लढाईत कंपनीचा अधिकारी थॉमस मन्रो धारवाडला होता तेव्हा त्याच्याकडे पलटण अगदी थोडी होती. जे परगणे अजून पेशव्याच्या माणसांच्या हातात होते, त्यांच्यावरही त्याने आधीच अंमलदार नेमून टाकले. अंमलदाराने प्याद्यांची शिबंदी (पगारी शिपाई) घेऊन जायचे, ठाणे बसवायचे आणि वसूल स्वतःकडे वळवायचा. दोन धनी वसूल मागायला आले की पाटील-कुलकर्णी टिकेलसा वाटेल त्याला पैसा देतात, आणि एकदा पैसा वळला की जुन्या ठाण्यातली शिबंदी पगाराअभावी पांगते. बेळगावचा किल्ला एप्रिल 1818 मध्ये पडला, तोवर भोवतालच्या बऱ्याच गावांचा वसूल वळलेला होता.

कागदावरचा हक्क कसा फसतो ते कित्तूरला दिसले. 1824 मध्ये देसाई वारले, दत्तक नामंजूर झाला, म्हणजे कागदोपत्री संस्थान खालसा. कलेक्टर थॅकरे खजिन्याला मोहरा लावून बसला, पण दरवाजे आतल्यांच्या हातात होते. 23 ऑक्टोबरला तो तिथेच मारला गेला. डिसेंबरात मोठी फौज आली, तेव्हा कुठे किल्ला मिळाला.

प्रश्न : खानापूर तालुक्यातल्या आमच्या मोडी कागदावर ‘सन समान अशर मयातैन व अलफ’ असे आहे. कोणाच्या अंमलातला?
— एक वाचक, नंदगड

उत्तर : हे शुहूर सन, म्हणजे मराठी दप्तरातली अरबी शब्दांत लिहायची कालगणना. शब्दांची बेरीज करा : समान 8, अशर 10, मयातैन 200, अलफ 1000, म्हणजे 1218. हे वर्ष मृगाला सुरू होते. त्यामुळे जूनपासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेला 599 मिळवा आणि जानेवारीपासून मृगापर्यंतच्या तारखेला 600. आले 1817-18. नेहमीची चूक म्हणजे हाच आकडा फसली (महसुलाची दुसरी कालगणना) धरून 590 मिळवणे. मग 1808 येते आणि कागद अख्खा पेशवाईत जाऊन पडतो. दक्षिणी फसली शुहूरपेक्षा 9 ने पुढे असते, एवढे ध्यानात ठेवा.

तुमचे वर्ष मात्र नेमके अडचणीचे आहे, कारण त्याच सालात धनी बदलला. तेव्हा महिना पाहा. ‘छ’ आणि पुढे आकडा असेल तर तो मुसलमानी महिन्याचा चंद्र, म्हणजे तारीख; जंत्रीवरून (तारखा जुळवण्याच्या कोष्टकावरून) इंग्रजी तारीख काढावी लागेल. ‘मामलेदार’ या शब्दावर विसंबू नका, दोन्ही राजवटींत तो आहे. शिक्का आणि वसूल कुठे भरला ती ओळ, या दोनच गोष्टी कामाच्या.

जोडकागद शोधताना बेळगाव जिल्ह्याच्या नावाने हुडकू नका. जिल्हा 1836 मध्ये वेगळा झाला, त्याआधीचा पत्रव्यवहार धारवाडच्या नावावर लागलेला असतो, आणि पेशवाईतला पुण्याच्या पेशवे दप्तरात. बिडीच्या कचेरीतले जुने दप्तर मिळेल ही आशा धरू नये : कित्तूरसाठी इंग्रजांविरुद्ध उठलेल्या संगोळ्ळी रायण्णाच्या माणसांनी ती कचेरी 1830 मध्ये जाळली. वसुलाचे कागद गेले की सरकारला आपला हक्क नव्याने सिद्ध करावा लागतो, हे त्यांना पक्के ठाऊक असावे. रायण्णाला पुढच्या जानेवारीत तुमच्याच नंदगडला फाशी दिले.

(आजच्या सीमावादात असा एखादा कागद पुरावा म्हणून चालेल का, असेही तिघांनी विचारले आहे. एका सालचा वसूल एकाकडे होता, एवढेच तो कागद सांगतो. शेजारच्या गावचा त्याच साली दुसऱ्याकडे असू शकतो.)