वाटसरूची पेटी : बेलापूरचा बुरूज आणि घाटातली सोडून दिलेली लाइन

प्रश्न : माझे वडील मध्य रेल्वेतून निवृत्त झालेत, वय ७१. गुडघे कुरकुरतात, पण रोज सकाळी तासभर चालतात. कोणीतरी त्यांना परदेशातला व्हिडिओ पाठवला. बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरची पायवाट, मध्ये पडक्या वास्तू आणि गोल फिरून परत त्याच स्टेशनावर. तेव्हापासून "आपल्याकडे असं काही आहे का, त्या ठाण्याच्या गार्डसाहेबांना विचार" हे पालुपद चालू आहे. आम्ही कोपरखैरण्याला राहतो. काय सुचवाल?
– एक वाचक

उत्तर : ताई, आधी बाबांना माझा नमस्कार सांगा. मी एकतीस वर्षं ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीच्या शेवटच्या गार्डच्या डब्यात काढली, त्यातली बरीचशी कर्जत–लोणावळा घाटात. त्यामुळे त्यांना नेमकं काय हवंय ते मला कळलं. पण पडका किल्ला आणि बंद रेल्वे, दोन्ही एका फेरीत तुमच्या भागात जमायचं नाही. नवी मुंबईत रेल्वे बंद पडण्याइतकी जुनी तरी कुठे झालीय? मानखुर्द–वाशी सुरू झाली १९९२ साली. तेव्हा बाबांच्या नोकरीला किती वर्षं झाली होती, ते त्यांनाच विचारा. म्हणून दोन वेगळ्या सकाळी काढा.

पहिली सकाळ बेलापूरची. ठाण्याहून येणारी पनवेल लोकल पकडलीत तर गाडी बदलावी लागत नाही. सीबीडी बेलापूरला उतरून किल्ले गावठाणाकडे चालत निघा. पाम बीच रोडच्या टोकाला महापालिकेचं घुमटवालं मुख्यालय आणि तो प्रचंड झेंडा दिसला की वाट बरोबर आहे. 'बेलापूर किल्ला' म्हटल्यावर रायगडासारखं काही डोळ्यांसमोर आणू नका. टेहळणीचा बुरूज, दगडी बांधकामाचे तुकडे, त्यात घुसलेली झाडांची मुळं आणि चहूबाजूंनी कॉलनी, एवढंच उरलंय. मला तर तेच आवडतं. बुरुजापाशी उभं राहून खाडीकडे बघितलं की चौकी इथेच का बांधली ते कोणी न सांगता समजतं. पनवेलच्या खाडीत शिरणारं प्रत्येक गलबत इथून दिसणार.

किल्ला सिद्दीचा, मग पोर्तुगीजांचा. चिमाजी अप्पांच्या काळात तो मराठ्यांकडे आला आणि १८१७ मध्ये इंग्रजांकडे. किल्ला मिळाला तर अमृतेश्वराला बेलाची माळ वाहीन असा अप्पांनी नवस केला होता आणि त्या बेलावरून बेलापूर, असं सांगतात. इथून घारापुरीपर्यंत भुयार आहे असंही सांगतात. नवसाची गोष्ट बाबांना सांगा. भुयाराची सांगू नका, रेल्वेचा माणूस खाडीखालच्या बोगद्याचा हिशेब मागत बसेल.

बुरूज बघून टेकडीवरच्या गोवर्धनी मातेच्या देवळात जा. तिथे बसायला सावली मिळते, गुडघ्यांना तेवढी विश्रांती. उतरून दिवाळे कोळीवाड्याच्या बाजूने परत स्टेशनाकडे वळायचं, म्हणजे आल्या वाटेने जावं लागत नाही. माझ्या चालीने, मध्ये दोन चहा धरून, अडीच तास लागले. सकाळी गेलात तर मासळीही ताजी मिळेल, पिशवी न्या. बुरुजाच्या दगडांवर मात्र चढू देऊ नका. मी चढलो होतो, सुनेची बोलणी अजून खातोय.

आता बंद रेल्वे. आपल्याकडची खरी सोडून दिलेली लाइन बोर घाटात, म्हणजे त्याच कर्जत–लोणावळा घाटात आहे. १८६३ मध्ये घाट खुला झाला तेव्हा खंडाळ्याच्या अलीकडे गाडीला वळवायला कड्यावर जागाच नव्हती. म्हणून रिव्हर्सिंग स्टेशन केलं. गाडी नाकासमोर आत शिरायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं आणि मघाचं शेपूट तोंड होऊन गाडी पुढचा चढ चढायची. चढ किती, तर ३७ फुटांना एक फूट. १९२९ मध्ये नवी लाइन झाली आणि ते स्टेशन निकामी झालं. जुन्या मार्गाचे दगडी अवशेष अजून आहेत.

या घाटाचं कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल नावाच्या इंग्रजाने घेतलं होतं. १८५९ मध्ये तो इथे आला आणि काही आठवड्यांतच आजारी पडून वारला. काम सोडून मायदेशी जाण्याऐवजी त्याची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट स्वतःकडे ठेवलं, इंजिनिअर नेमले आणि घाट पुरा करून घेतला. पटकीने आणि अपघातांनी हजारो मजूर गेले, त्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत. रात्रीच्या मालगाडीत ठाकूरवाडीला सिग्नलची वाट बघताना मला हे हटकून आठवायचं.

तिथे चालत जायचा हट्ट बाबा धरतील, पण नाही म्हणा. चालू रुळांलगत विनापरवाना फिरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे कलम त्यांना माझ्याइतकंच पाठ असेल. ठाण्याहून लोणावळ्याला थांबणारी सकाळची गाडी धरा, बाबांना खिडकी द्या. कर्जतला गाडी चढावर ढकलायला मागून बँकर इंजिनं लागतात तेव्हा दोन मिनिटं उतरून त्यांना दाखवा, वडापाव तिथलाच घ्या. पलसदरी, जांब्रुंग, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल ही वाटेतल्या थांब्यांची नावं त्यांच्याकडून म्हणवून घ्या. पावसाळ्यात नको, धुक्यात काही दिसत नाही. दसऱ्यानंतर जा.

प्रश्न : ठाण्याचा किल्ला आतून बघता येतो का? – एक वाचक, चरई

उत्तर : नाही, ते मध्यवर्ती कारागृह आहे. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला. पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इथेच कैदेत होते आणि १८१६ मध्ये पळाले. बाहेर घोड्याला खरारा करता करता एक मोतद्दार गाण्यातून त्यांना निरोप पोचवायचा, अशी गोष्ट आहे. मासुंदा तलावापासून चालत जाऊन बाहेरचा दगडी तट बघता येतो. मोबाइल खिशातच ठेवा, नाहीतर पहारेकऱ्याला तुमचा इतिहासाचा छंद समजावत बसायची वेळ येईल.