डिव्हाइन मर्सीच्या, म्हणजे येशूच्या दैवी करुणेच्या, भक्तीवर कॅथलिक चर्चनेच बंदी घातली होती म्हणतात, मग तिला मान्यता कशी मिळाली?

बंदी होती हे खरं आहे, आणि ती 19 वर्षं टिकली. मी वसईचा. दुपारचे तीन वाजले की माझी आई हातातलं काम बाजूला ठेवते आणि रोझरीच्याच (जपमाळेच्या) मण्यांवर करुणेची प्रार्थना म्हणते. समोर येशूची तसबीर, छातीतून निघालेले दोन किरण, एक लाल, एक फिकट. त्यामुळे बंदीबद्दल ऐकलं तेव्हा मलाही धक्का बसला होता. मग नीट वाचून काढलं.

ही भक्ती सुरू झाली ती सिस्टर फाउस्तिना कोवाल्स्का यांच्यापासून. त्या पोलंडच्या. शाळा तीन वर्षंही धड नाही. मठात स्वयंपाक, बागकाम, दारावर बसणं अशी कामं करायच्या. अंगात ताकद इतकी कमी, की उकडलेल्या बटाट्यांचं जड पातेलं उतरवून पाणी काढायचीही त्यांना धास्ती वाटे. 22 फेब्रुवारी 1931 ला प्वॉत्स्कच्या मठात त्यांना येशूचं दर्शन झालं आणि हे चित्र काढून घे असा आदेश मिळाला. विल्नियसला त्यांचे पापनिवेदन ऐकणारे फादर सोपोच्को यांनी आधी त्यांची मानसिक तपासणी करून घेतली, मगच चित्रकार शोधला. 1934 साली चित्र झालं. ते पाहून सिस्टर रडल्या, कारण प्रभू जसा दिसला तसा त्यात उतरला नव्हता. 1938 मध्ये, 33व्या वर्षी, क्षयाने त्या गेल्या.

युद्धाच्या काळात ही भक्ती झपाट्याने पसरली. पण सिस्टरांनी आपले अनुभव लिहून ठेवलेल्या डायरीच्या उतरवलेल्या प्रतींत आणि भाषांतरांत चुका शिरल्या होत्या, आणि पोलंड कम्युनिस्ट राजवटीत असल्याने मूळ वह्या रोमला पाहायला मिळाल्या नाहीत. 1959 च्या मार्चमध्ये होली ऑफिसने, म्हणजे श्रद्धेच्या बाबी तपासणाऱ्या रोममधल्या चर्चच्या कार्यालयाने, सिस्टर फाउस्तिनांनी सांगितलेल्या स्वरूपातली चित्रं आणि लिखाण पसरवायला मनाई केली.

पुढचं श्रेय क्राकोच्या आर्चबिशप वोय्तिवांचं. 1965 मध्ये त्यांच्याच धर्मप्रांतात चौकशी सुरू झाली, आणि फादर रुझित्स्की या ईशज्ञानाच्या अभ्यासकाने डायरीची कसून छाननी केली. 15 एप्रिल 1978 ला रोमने मनाई उठवली. 1959 साली मूळ कागदपत्रं समोर नव्हती, हे कारणही त्यात स्पष्ट दिलं. पोप झाल्यावर वोय्तिवांनी स्वतःच बंदी काढली, असं बरेच जण सांगतात. ते चूक आहे. ते पोप जॉन पॉल दुसरे झाले ते सहा महिन्यांनंतर, ऑक्टोबरात. 30 एप्रिल 2000 ला त्यांनी फाउस्तिनांना संतपद दिलं आणि ईस्टरनंतरचा रविवार दैवी करुणेचा म्हणून जाहीर केला.

मला खरी हळहळ वाटते ती फादर सोपोच्कोंची. बंदीबरोबर त्यांनाही कडक समज मिळाली होती. ती त्यांनी मुकाट्याने सोसली, आणि 1975 च्या फेब्रुवारीत गेले. मनाई उठायला अजून तीन वर्षं होती.