विमान कंपनीला 18 लाख देण्याआधी ती पॉलिसी बघू

देवगड तालुक्यातून एका ताईंचा मेल आलाय. थोडक्यात सांगतो. वय 31, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, हातात 58 हजार. वडील 61, आंबा बागायतदार, 140 कलमं, चांगल्या वर्षी खर्च जाऊन साडेतीन लाख सुटतात. धाकटा भाऊ 24 वर्षांचा, सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन्स, झालंय, दीड वर्ष घरी बसून आहे. त्याच्या ट्रेनिंगचं कर्ज 45 लाख, 11 टक्के, 15 वर्षं, हप्ता 51 हजार, ताई को-बॉरोअर, म्हणजे सहकर्जदार. आता एका छोट्या रिजनल एअरलाइनची ऑफर आलीय, एटीआर, म्हणजे पंख्याची छोटी विमानं, पगार 1 लाख 10 हजार. पण तिथल्या लोकांचा पगार दोन-दोन महिने लेट होतोय असं कानावर आलंय. टाइप रेटिंगसाठी, म्हणजे त्या जातीचं विमान उडवायच्या परवान्यासाठी, कंपनीला 18 लाख भरायचे, ते 'रिफंडेबल', पाच वर्षांनी परत. पैसे गावची पतसंस्था बागेवर द्यायला तयार आहे, 12 टक्क्यांनी. प्रश्न एवढाच, जॉइन करू दे की नको? आणि मेलच्या शेवटी जाता जाता एक ओळ, "जूनमध्ये पॉलिसीचा 2 लाख 40 हजारचा हप्ता पण आहे, तो धरूनच सांगा."

ताई, खरा मेल त्या शेवटच्या ओळीपासून सुरू होतो. पण आधी विचारलंय त्याचं बोलू.

पगार लेट होणारी एअरलाइन म्हणून लगेच नाही म्हणा असं मी म्हणणार नाही. नवख्या पायलटला पगाराइतकीच गरज लॉगबुकातल्या तासांची असते, एटीपीएलला, म्हणजे कॅप्टन व्हायला लागणाऱ्या लायसन्सला, 1500 तास लागतात, आणि कंपनी बुडाली तरी उडवलेले तास कोणी काढून घेत नाही. एटीआर रेटिंगही वाया जाणारी गोष्ट नाही, इंडिगोकडे आहेत, अलायन्स एअर आणि फ्लाय91 कडे आहेत. पण तास मिळायला विमान उडायला हवं ना. तेव्हा भावाला सांगा की कंपनीची वेबसाइट बघू नको, आत काम करणाऱ्या एखाद्या फर्स्ट ऑफिसरला, म्हणजे सहवैमानिकाला, फोन लाव आणि दोनच गोष्टी विचार, ताफ्यातली किती विमानं आज खरोखर उडतायत आणि गेल्या महिन्यात तुझे किती तास झाले. विमानं भाड्याची असतात, भाडं थकलं की मालक घेऊन जातो. मग पगारही नाही आणि तासही नाहीत, वर फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांचा नोटिस पिरियड.

तुमच्याकडे तर हे वेगळं सांगायला नको. चिपीला, तुमच्या सिंधुदुर्गच्या विमानतळावर, ऑक्टोबर 2021 मध्ये विमान उतरलं तेव्हा आख्खा जिल्हा बघायला गेला होता, आणि तीन वर्षांनी अनुदानाची मुदत संपली तशी मुंबईची फेरी बंद. उडान ह्या छोट्या शहरांच्या विमानसेवेच्या सरकारी योजनेचं अनुदान एका मार्गाला ठरावीक वर्षंच मिळतं, त्यानंतर विमान तिकिटांच्या पैशावर उडवायचं. ही कंपनी त्यातल्या कुठल्या वर्षात आहे तेही विचारा.

नोकरी चालेल एक वेळ. ते 18 लाख नाही चालणार. अहो, जी कंपनी पगार वेळेवर देऊ शकत नाही तिला तुम्ही विनातारण, बिनव्याजी, पाच वर्षांसाठी कर्ज देताय, आणि ते स्वतः 12 टक्क्यांनी काढून! 'रिफंडेबल' हा शब्द कागदावर आहे, पैसे कुठे आहेत? कंपनी लिक्विडेशनला गेली, म्हणजे मोडीत काढून देणी फेडायची वेळ आली, तर आधी त्या प्रक्रियेचा खर्च, मग तारण असलेल्या बँका आणि कामगारांची बाकी, मग इतर कर्मचाऱ्यांचे 12 महिन्यांपर्यंतचे पगार, आणि तुमच्या डिपॉझिटसारखी विनातारण देणी त्याच्याही मागे. जेट एअरवेज एप्रिल 2019 ला जमिनीवर आली आणि सुप्रीम कोर्टाचा लिक्विडेशनचा आदेश आला नोव्हेंबर 2024 ला, साडेपाच वर्षांनी. ती तर केवढी मोठी कंपनी होती. पतसंस्था काही साडेपाच वर्षं थांबणार नाही, तिचा बोजा सातबाऱ्यावर चढलेला असेल.

हिशोब पण बघा. 18 लाखांचा सात वर्षांचा हप्ता 32 हजार, जुना 51, झाले 83. ट्रेनिंगमध्ये स्टायपेंड 35 हजार, त्यात तो बाहेरगावी राहणार, म्हणजे त्याचे त्यालाच पुरले तरी खूप. पुढे हातात 95 येतील धरा, तेही वेळेवर आले तर, खोलीभाडं आणि जेवण 30, उरले 65. खड्डा तुम्ही भरणार. तुम्ही लिहिलंय की यंदा मोहोर चांगला आहे, वरचे पैसे आंब्यातून निघतील. ताई, तुम्ही देवगडच्या, मी तुम्हाला काय सांगणार, मोहोर म्हणजे पेटी नव्हे. एक अवकाळी सर आली किंवा फुलकिडे बसले की काय होतं ते तुम्ही लहानपणापासून बघताय. गाऱ्हाणं रवळनाथाला जरूर घाला, पण हप्त्याची तारीख त्याच्या भरवशावर ठरवू नका.

आता पॉलिसी. मी कागद मागवले तर तुम्ही बॉंडच्या पहिल्या दोन पानांचे फोटो पाठवलेत. पान एक, विमाधारक: वडील. पान दोनवर फायद्याचं कोष्टक, एक रकाना 4 टक्क्यांचा, एक 8 टक्क्यांचा, आणि 8 च्या रकान्यात खाली 37 लाख ह्या आकड्याभोवती कोणीतरी निळ्या पेनाने गोल काढून बाजूला लिहिलंय 'लोन क्लियर'. कर्ज मंजूर करताना बँकेतल्या साहेबांनी ही पॉलिसी दिली, कर्जाला सुरक्षा म्हणून घ्यावीच लागते म्हणाले, आणि मॅच्युअर झाली की कर्ज आपोआप फिटेल म्हणाले.

हे वाचून माझा चहा गार झाला. कर्ज 45 लाखांचं, गोल 37 लाखांचा, तोही 15 वर्षांनी, म्हणजे तोवर कर्जाचे सगळे हप्ते भरून झालेले असतील. मग ते 37 लाख 'क्लियर' काय करणार? आणि 8 टक्के हा तुम्हाला मिळणारा दर नाहीच, कंपनीची गुंतवणूक तेवढी वाढली तर असं धरून केलेलं ते गणित आहे. घरातून 10 वर्षं 2 लाख 40 हजार जाणार, एकूण 24 लाख, 15 व्या वर्षी 37 येणार, हा दर पडतो जेमतेम सव्वाचार टक्के, तोही गोल केलेल्या चांगल्या रकान्यातला. शेजारच्या 4 टक्क्यांच्या रकान्यात 27 लाख आहेत, त्याचा दर एक टक्का आणि थोडं वर. आणि हे तुम्ही भरताय 11 टक्क्यांचं कर्ज डोक्यावर असताना.

बरं, सुरक्षा कोणाची? वडिलांना उद्या काही झालं तर दुःख मोठं, पण कलमं जागेवर आहेत, तुमचा पगार चालू आहे. ज्याच्या कमाईवर 45 लाख फिटायचेत त्या पोराचा एक रुपयाचा विमा नाही. त्याला काही झालं तर 51 हजारांचा हप्ता तुमच्या 58 हजारांवर.

आजच घरात किती उरतं ते तरी मांडलंत का? तुमचे वर्षाचे सात लाख, आंब्याचे साडेतीन, साडेदहा. हप्ते 6 लाख 12 हजार, पॉलिसी 2 लाख 40. राहिले दोन लाख, महिना 17 हजार, चार माणसं. हे चांगल्या आंब्याच्या वर्षाचं बोलतोय.

जूनचा हप्ता भरू नका. पण लगेच ती मोडून सरेंडरही करू नका, आधी विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार करा की कर्जासोबत ही पॉलिसी सक्तीची म्हणून विकली, निळ्या पेनाचं पान जोडा, आतापर्यंत भरलेल्या दोन हप्त्यांचे पूर्ण 4 लाख 80 हजार परत मागा. 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा नकार आला तर विमा लोकपाल, तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. बँकेत जाऊन त्या साहेबांना विचारू नका, ते चहा पाजतील आणि "अजून तीनच हप्ते भरा मॅडम" म्हणतील, ही टेप मी इतक्यांकडून ऐकलीय की पाठ झालीय. तक्रारीतून काही नाही निघालं तर सरेंडर. दोन हप्त्यांवर किमान 30 टक्के म्हणजे 1 लाख 44 हजार मिळायला हवेत, जास्तीचा आकडा लेखी मागा. साडेतीन लाख गेले म्हणून जीव जळेल, पण ते गेलेलेच आहेत, पुढचे 19 लाख तरी वाचवा. तेच 2 लाख 40 हजार, म्हणजे महिना 20 हजार, कर्जात जास्तीचे भरलेत तर 15 वर्षांचं कर्ज आठ वर्षांत संपतं आणि व्याज 24 लाखांच्या आसपास वाचतं.

भावाचा एक कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा विमा, काढा, ह्या वयात वर्षाला दहा-बारा हजार, पायलट आहे म्हणून थोडा जास्त लागला तरी व्यवसाय लपवू नका, क्लेमच्या वेळी तेच अंगाशी येतं. मेडिकल फेल होऊन लायसन्स गेलं तर टर्म प्लॅन पैसे देत नाही, त्याला लॉस ऑफ लायसन्स कव्हर वेगळं असतं, कंपनी देते का आणि त्याचा प्रीमियम भरलाय का हे ऑफर घेताना विचारायचं.

अजून एक, तुम्ही ह्या कर्जाच्या व्याजाची आयकराच्या 80ई कलमाखाली वजावट घेताय असं दिसतंय. ती स्वतःच्या, नवरा-बायकोच्या किंवा मुलांच्या शिक्षणाला मिळते, भावाच्या नाही, को-बॉरोअर असलात तरी. सीएला भेटून दुरुस्त करून घ्या, नोटीस यायच्या आधी.

आणि ऑफरचं उत्तर असं द्या की मी यायला तयार आहे, ठरावीक वर्षं नोकरी सोडणार नाही असा बॉंडही लिहून देतो, पण टाइप रेटिंगचे पैसे दर महिन्याच्या पगारातून कापा. हो म्हणाले तर जाऊ दे त्याला. आधी रोख पाहिजे म्हणाले तर त्यांना पायलट नकोय, 18 लाख हवेत. मग घरी बसण्यापेक्षा एखाद्या फ्लाइंग स्कूलमध्ये इन्स्ट्रक्टर रेटिंग करता येतं का ते बघू दे, त्यातही तास वाढतात.

हे उत्तर मिळालं की भावाला सांगा, पुढचा मेल त्याने लिहायचा. तुमच्या दोन पानी मेलमध्ये कर्ज त्याचं, नोकरी त्याची, आणि त्याची एक ओळ नाहीये.