काचबिंदूचे थेंब नव्याने सुरू करताना
काका, डोळा दुखत नाही म्हणून थेंब बंद करू नका. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, उरलेली मात्र हेच थेंब राखतात. खालची पापणी ओढून एकच थेंब टाका, डोळा मिटा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं हलकेच दाबून धरा. त्यामुळे औषध घशात फारसं उतरत नाही, कडूही लागत नाही. दुसऱ्या औषधाचाही थेंब असेल तर मध्ये 5 मिनिटं जाऊ द्या. दमा असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, काचबिंदूच्या काही थेंबांत असणाऱ्या टिमोलॉल या औषधाने धाप वाढू शकते. बाटली फोडल्याची तारीख तिच्यावर लिहा. बहुतेक बाटल्या 4 आठवड्यांनी टाकायच्या असतात. आणि सांगलीच्या एप्रिलच्या उन्हात ती गाडीच्या डिकीत मुळीच ठेवू नका. मिरजेला तपासणीला जाल त्या सकाळीही थेंब टाकूनच निघा, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर.