अल्फ्रेस्कोत मराठी कागद मजकुराने सापडत नाहीत, व्हेंडर फुल रीइंडेक्स करा म्हणतो. करू का?

करू नका. निदान आज तरी नको.

नंतर वाचणाऱ्यांसाठी प्रश्न थोडक्यात: अल्फ्रेस्को कम्युनिटी (कागदपत्रं साठवण्याचं सॉफ्टवेअर), सोबत सोलर या शोध-इंजिनवाली सर्च सर्व्हिस, आत स्कॅन केलेल्या मराठी फायली. फाईलच्या नावाने शोधलं तर मिळते, आतल्या शब्दाने शोधलं तर मिळत नाही. व्हेंडर म्हणतो इंडेक्स (शोधासाठी बनवलेली शब्दांची सूची) उडवा आणि पहिल्यापासून बांधा, म्हणजेच फुल रीइंडेक्स. त्याला किती वेळ लागेल, हे तुम्हाला हवंय.

नावाने मिळते, मजकुराने नाही, यातच अर्धं उत्तर आहे. सोलरला ती फाईल माहीत आहे, फक्त तिच्या आत वाचण्यासारखं काही हाती लागलेलं नाही. कोऱ्या पानाचा इंडेक्स दहा वेळा बांधला तरी तो कोराच. पण आजार कुठलाही असो, पुडी एकच, अशी व्हेंडर मंडळींची रीत आहे.

आधी एक चकवा टाळा. ॲडमिन टूल्समधल्या नोड ब्राउझरमध्ये (नोड म्हणजे अल्फ्रेस्कोतली एकेक नोंद, इथे फाईल) क्वेरीची भाषा एफटीएस-अल्फ्रेस्को ठेवा आणि नावाची क्वेरी सुरुवातीला बरोबरचं चिन्ह (=) न लावता द्या. ते चिन्ह लावून नेमकं नाव विचारलं की अल्फ्रेस्को जमेल तिथे सोलरला न विचारता थेट डेटाबेसमधून उत्तर देतं. 'ट्रान्झॅक्शनल इफ पॉसिबल' या डीफॉल्टचा अर्थच तो. मग सोलर बंद असला तरी फाईल सापडते आणि इंडेक्स ठणठणीत आहे असं वाटतं. शोध ॲडमिन म्हणूनच करा. इतर युजरला परवानगी नसलेले निकाल काही न सांगता गाळले जातात.

मग सोलरला विचारा. ८९८३ पोर्टवर कोअर ॲडमिनला (सोलरला हुकूम द्यायची जागा) 'समरी' ही ॲक्शन द्या. दोनच आकडे बघायचे: किती ट्रान्झॅक्शन्स (अल्फ्रेस्कोत नोंदलेले बदल) अजून इंडेक्स व्हायची आहेत आणि एरर नोड (इंडेक्स होताना अडलेले) किती आहेत. पहिला आकडा शून्याच्या आसपास असेल तर ट्रॅकर (बदल उचलून इंडेक्समध्ये घालणारा सोलरचा भाग) वेळेवर चालतोय. तो वाढतच चालला असेल आणि लॉगमध्ये ४०३ (प्रवेश नाकारला) दिसत असतील, तर अल्फ्रेस्को आणि सोलर यांचा शेअर्ड सीक्रेट, म्हणजे दोघांचा सामाईक पासवर्ड, जुळत नाही. अल्फ्रेस्को ७.२ पासून दोघांमध्ये उघडं बोलणं चालत नाही, सीक्रेट किंवा दुतर्फा सर्टिफिकेट लागतंच. अपग्रेडनंतर 'सर्च मेला' अशा तक्रारी येतात त्यांचं हे नेहमीचं कारण. एका ओळीचं काम आहे. एरर नोड असतील तर 'रीट्राय'. ट्रान्झॅक्शन्स गहाळ दिसत असतील तर आधी 'रिपोर्ट', मग 'फिक्स'. नव्या आवृत्त्यांत 'फिक्स' मुळात ड्राय रनवर (नुसत्या रंगीत तालमीवर) असतो, तो बंद केल्याशिवाय काहीच दुरुस्त होत नाही. आणि एखाद-दुसरी फाईलच अडली असेल तर नोड ब्राउझरमधून तिचा डेटाबेस आयडी घ्या आणि 'रीइंडेक्स' ॲक्शनला तेवढाच द्या. एका खोलीचा बल्ब गेला म्हणून अख्ख्या घराचं वायरिंग कोणी उपटत नाही.

एका पतसंस्थेच्या सर्व्हरवर हेच दुखणं तीनदा फुल रीइंडेक्स करूनही गेलं नव्हतं. दर वेळी तेच निकाल. तिथे एकाच फोल्डरमध्ये चार जातींच्या पीडीएफ होत्या आणि दुखणंही चार जातींचं होतं. तुमच्याकडेही तसंच असण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली जात नुसत्या फोटोंची. अल्फ्रेस्को स्वतःहून ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणं) करत नाही. पीडीएफमधला मजकूर उपसून सोलरला देतं, पण मजकूरच नसेल तर काय उपसणार? ओळखायला सोपं: पीडीएफ उघडून कर्सरने एक ओळ निवडून बघा. निवडली जात नसेल तर तो फोटो आहे. याला ओसीआर-माय-पीडीएफ हा प्रोग्राम आणि त्याच्या पोटातला, अक्षरं ओळखणारा टेसरॅक्ट पुरतो. मराठीची भाषा-फाईल वेगळी टाकावी लागते, आणि मराठीसोबत इंग्रजीही द्या, कारण कर्जाच्या कागदांत निम्मे आकडे आणि सगळे पॅन नंबर इंग्रजीत असतात. लिनक्सच्या पॅकेजमधून बहुधा 'फास्ट' मॉडेल येतं. जोडाक्षरांसाठी 'बेस्ट' मॉडेलवर पंधरा-वीस पानं चालवून फरक बघा. स्कॅन ३०० डीपीआयच्या खाली नको. २०० वर अनुस्वार आणि रफार धुळीत जमा होतात, मग 'कर्ज'चं 'कज' होतं आणि शोधणारा सॉफ्टवेअरला शिव्या देतो. तिरकं पान सरळ करण्याचा आणि उलटं पान फिरवण्याचा पर्याय चालू ठेवा.

दुसरी जात सगळ्यांत फसवी, आणि तिसऱ्या रीइंडेक्सपर्यंत हिच्याकडे कोणी पाहिलंच नव्हतं. श्रीलिपी, आकृती किंवा डीव्हीबी-टीटीच्या जुन्या फॉन्टात टाईप करून काढलेली पीडीएफ. पडद्यावर स्वच्छ मराठी दिसते, ओळ निवडलीही जाते. ती कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा येईल. सोलरने तो चिवडा इमानदारीने इंडेक्स केलेला असतो. म्हणजे चिवडाच टाईप करून शोधलात तर फाईल सापडेलसुद्धा!

इथे ओसीआरचा नेहमीचा पर्याय घात करतो. 'स्किप-टेक्स्ट' म्हणजे ज्या पानावर मजकूर आहे ते पान सोडून दे. त्याच्या लेखी चिवडा हाही मजकूरच, म्हणून तो नेमकी हीच पानं सोडतो आणि काम बिनबोभाट झाल्याचं कळवतो. या फायलींना 'फोर्स-ओसीआर' लागतो. तो पानाचं चित्र करून, जुना मजकूर टाकून, नव्याने वाचतो. फाईल फुगते, त्याला इलाज नाही. मूळ वर्ड किंवा पेजमेकरची फाईल हाती असेल तर मात्र ओसीआर करू नका, फॉन्ट कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या. शुद्धता कितीतरी चांगली मिळते.

तिसरी जात युनिकोडमधूनच बनलेल्या पीडीएफची. कॉपी केली की ऱ्हस्व वेलांटी आपल्या अक्षराच्या आधी येऊन बसते, जोडाक्षरं तुटतात. पीडीएफ बनवताना अक्षरांच्या चित्रांवरून मूळ अक्षरांकडे जाणारा नकाशा अर्धवट भरला गेलेला असतो. यालाही फोर्स-ओसीआर, किंवा मूळ डॉक्स फाईलच अपलोड करा.

चौथी जात म्हणजे नुसता आळस. बल्क इम्पोर्टमधून आलेल्या फायलींना पीडीएफऐवजी 'ऑक्टेट-स्ट्रीम' असा माइमटाइप (फाईलचा प्रकार सांगणारी चिठ्ठी) चिकटलेला असतो, आणि तो बघून अल्फ्रेस्को मजकूर उपसायच्या फंदातच पडत नाही. माइमटाइप स्क्रिप्टने दुरुस्त केला की नोड बदलतो आणि ट्रॅकर तो आपोआप उचलतो. तिथेच 'इंडेक्स कंट्रोल' हा ॲस्पेक्ट (नोडला जोडायचा जादा गुणधर्म) कोणी लावून ठेवलाय का तेही बघा; त्यात मजकूर इंडेक्स करू नको असं सांगता येतं.

ओसीआर झालेली फाईल नवीन म्हणून टाकू नका, त्याच नोडची नवी आवृत्ती म्हणून टाका. परवानग्या, लिंका, मेटाडेटा (फाईलबद्दलची माहिती) जागेवर राहतात. फक्त प्रत्येक आवृत्तीची अख्खी फाईल डिस्कवर वेगळी राहते हे धरून जागा मोजा. आणि डिजिटल सही असलेल्या पीडीएफला हात लावू नका, सही मोडते. ओसीआर-माय-पीडीएफ अशा फाईलला आपणहून नकार देतो. तो नकार जबरदस्तीने मोडू नका, शोधासाठी वेगळी प्रत ठेवा.

एवढं करूनही काही शब्द सापडणार नाहीत. 'बँक' आणि 'बॅंक' हे दोन शब्द इथून कॉपी करून शोधून बघा. पहिल्यात चंद्रबिंदू आहे, म्हणजे युनिकोडचा ०९०१. दुसऱ्यात चंद्र आणि अनुस्वार, म्हणजे ०९४५ आणि ०९०२. अनेक फॉन्टांत दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात, सोलरला मात्र ते दोन वेगळे शब्द. तसंच 'ॲड.' आणि 'अॅड.'. ॲ हे स्वतंत्र अक्षर, ०९७२, युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीच्या सवयीने पुष्कळजण अजून अ टाईप करून त्यावर चंद्र देतात. ओसीआर एक लिहितो, क्लार्क दुसरं लिहितो, वकिलाची फाईल गायब. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करणं) या जोड्या एक करत नाही, त्यावर विसंबू नका.

यावर माझा आग्रह असा की एकच रूप ठरवा आणि ओसीआरनंतर, अपलोडच्या आधी, सगळा मजकूर आणि मेटाडेटा त्या रूपात आणा. चार-पाच बदलांची स्क्रिप्ट पुरते. ते जमत नसेल तर सोलरच्या स्कीमात (इंडेक्सची रचना ठरवणारी फाईल) त्या फील्ड टाइपला मॅपिंग कॅरेक्टर फिल्टर (एका अक्षररूपाच्या जागी दुसरं ठेवणारा) लावा, इंडेक्स आणि क्वेरी दोन्हीकडे. एकीकडेच लावलात तर आहे तेही सापडेनासं होईल. कऱ्हाडचा ऱ्ह दोन प्रकारे लिहिला जातो, आणि ७/१२ देवनागरीत की इंग्रजी आकड्यांत हाही घोळ असतो. पण हे फरक काही ॲनालायझर (मजकुराचे शोधण्याजोगे तुकडे, म्हणजे टोकन, पाडणारे) स्वतःच मिटवतात, काही नाही. सोलरच्या ॲडमिन पानावर 'ॲनालिसिस' आहे, तिथे दोन्ही रूपं टाकून टोकन सारखे येतात का बघा. दोन मिनिटांचं काम.

आता व्हेंडरच्या बाजूने, कारण तो दर वेळी चुकीचा नसतो. स्कीमा बदलली तर फुल रीइंडेक्स लागतोच. अल्फ्रेस्को मजकूर भाषेनुसार वेगवेगळा इंडेक्स करतं, आणि अपलोड करणाऱ्याचा ब्राउझर इंग्रजीत, शोधणाऱ्याचा मराठीत असला तर शोध हुकू शकतो. त्यासाठी सोलरच्या शेअर्ड प्रॉपर्टीजमधल्या क्रॉस-लोकेलच्या (भाषा ओलांडून शोधण्याच्या) ओळींवरची कॉमेंटची खूण काढायची. त्यानंतरही रीइंडेक्स लागतो. इंडेक्सच्या फायली खरोखर करप्ट झाल्या असतील तर पर्यायच नाही. म्हणून आधी ओसीआर, मग अक्षररूपं, मग क्रॉस-लोकेल आणि स्कीमा, आणि सगळं झाल्यावर एकदाच रीइंडेक्स. व्हेंडरने तरीही आजच करू म्हटलं, तर न सापडणाऱ्या एका फाईलमधून उपसलेला मजकूर मेलने पाठवायला सांगा. तो पाठवता आला नाही तर त्याने फाईल उघडूनही पाहिलेली नाही.

वेळ? पानं किती, फायली किती जड, डिस्क कसली, यावर ते अवलंबून आहे, आकडा देणं म्हणजे थाप मारणं. समरीत उरलेल्या वेळेचा अंदाज दिसतो, पण सोलर आधी मेटाडेटा घेतो आणि मजकूर मागून सावकाश येतो. त्यामुळे नावाने फायली सापडायला लागल्या म्हणून काम झालं असं लोकांना सांगू नका, आणि मजकूर अजून येत नाही म्हणून मध्येच थांबवून परत सुरू करू नका. शुक्रवारी संध्याकाळी लावा. सोलर थांबवून जुना इंडेक्स डिलीट न करता बाजूला हलवून ठेवा. स्कीमा बदलण्याआधीच्या सेटिंगच्या फायलीही त्याच्यासोबत ठेवा, नाहीतर सोमवारी जुना इंडेक्स परत लावायची वेळ आली तर तो नव्या स्कीमाशी जुळणार नाही.